सनमायका कोनता?

परवा अमरावतीहून मामेसासरे आले. टीपॉयवर बोटांनी टकटक करून म्हणाले, "जावईबापू, सनमायका कोनता लावला? अगदी खऱ्या सागवानावानी दिसते!"

मी म्हटलं, "मामाजी, हे सागवानच आहे."

"असन, असन," ते म्हणाले. लहान मुलाने 'मी वाघ आहे' म्हटल्यावर आपण ज्या सुरात 'हो का?' म्हणतो, त्या सुरात.

टीपॉय मी स्वतःच्या हाताने बनवलाय. आता हे सागवान कसं आलं ते ऐका. आम्ही नागपूरकर, सागवानाच्या दारातच बसलेलो. बल्लारशाचं सागवान 2023 साली वाजतगाजत अयोध्येला राममंदिराच्या दारांसाठी गेलं. मी टिंबर मार्टमध्ये गेलो तर आधी घानाचं सागवान दाखवलं, मग नायजेरियाचं. सीपी सागवान, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं, आपल्याच भागातलं, हवं म्हटल्यावर मालकाने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि घनफुटाचा भाव सांगितला. इंचाची फळी घेतली की रंधून पाऊण इंच हाती लागते. उरलेल्या पाव इंचाचा भुसा घरभर, पण पैसे पुऱ्या इंचाचे. रविवार गेले, करंगळीचं नख गेलं. खालच्या मजल्यावरच्यांनी रंध्याच्या आवाजाची तक्रार सोसायटीच्या वहीत लिहिली. ह्याच माणसांच्या घरी वर्षभर ड्रिल मशीन चालू होतं, तेव्हा वही कोणाला सापडली नव्हती. असो.

मामाजी आता खाली वाकले. मग गुडघ्यांवर आले. मग चष्मा कपाळावर सरकवून टीपॉयच्या पोटाखाली शिरले.

"हे तीन तुकडे काहून जोडले?"

"एवढ्या रुंदीची एकच फळी मिळत नाही, मामाजी."

"आठ बाय चारची प्लाय आनली असती तं एकाच तुकड्यात काम झालं असतं. वरून दोन पाट निघाले असते." खाली थोडी शांतता. "अन् ह्या इस्क्रूची भोकं लांबट काहून पडली? डिरिल हल्लं का?"

खरं सांगतो, ह्या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. ती भोकं मुद्दाम लंबगोल केली आहेत. सागवान शहाणं लाकूड आहे, तरी पावसाळ्यात आडव्या अंगाने थोडं फुगतं आणि मे महिन्यात आक्रसतं. नागपूरचा मे तर विचारूच नका. वरची फळी घट्ट आवळली तर तडकणार. म्हणून स्क्रूला सरकायला जागा. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं.

मामाजी बाहेर आले. गुडघे झटकले. "झाड कापून किती वर्सं झाली?"

"झाली असतील बरीच."

"मंग मेलेलं लाकूड आता कायले फुगते?"

बायको स्वयंपाकघरात हसली. मी ऐकलं. जावयाला मामेसासऱ्यांशी वाद घालता येत नाही, ही सोय कोणी केली देव जाणे. 'बापू' म्हणायचं आणि तोंड बंद ठेवायला लावायचं.

तेवढ्यात चहा आला. बशी होती. मामाजींनी बशीतला चहा भुरकला आणि वाफाळता कप थेट फळीवर ठेवला. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या पुरचुंडीने हातावर हात देत केलेलं ते पॉलिश. लाखेला गरम कप अजिबात चालत नाही. कप उचलला तर खाली पांढरंफटक वर्तुळ.

"पाहा," मामाजी समाधानाने म्हणाले, "सनमायक्याले असं होत नाही."

आणि हे खरं आहे, हेच जास्त लागतं. सनमायक्याला काही होत नाही. आता तर त्यावर रेषा उमटवतात, गाठी छापतात, हाताला खरखर लागेल असा पोतही देतात. फक्त तीच गाठ हातभर अंतरावर पुन्हा येते, पण ती बघतो कोण? दुकानात 'सॉलिड वूड लुक' म्हणून भुशाचा दाबलेला पुठ्ठा विकतात आणि लोक हप्त्यांवर घेतात. आणि खऱ्या लाकडाला शाबासकी कोणती, तर अगदी खऱ्यासारखं दिसतं!

डाग स्पिरिटच्या बोळ्याने बराचसा गेला. खिडकीतून तिरपं ऊन आलं की अजून दिसतो.

मामाजी निघताना म्हणाले, "हात बरा हाये तुमचा. आमच्या टीव्हीखाली एक बनवून देजा. पन वरून सनमायका लावजा."

मी काही बोलायच्या आत बायकोने हो म्हणून टाकलं. काल त्यांनी माप पाठवलंय, सोबत सनमायक्याच्या नमुन्याचा फोटो. रंग, सागवानी.