आरोपी निळा आहे, तुम्ही निवांत जागा

आधी आरोपी नक्की करून टाका. रात्रीचा एक वाजून गेलाय, डोळे चुरचुरताहेत, सकाळी लवकर उठायचंय आणि अंगठा मात्र थांबायला तयार नाही, अशा वेळी काही भाबडी माणसं स्वतःलाच जाब विचारायला लागतात. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. तुमच्यासाठी एक अगदी सोयीचा आरोपी कधीचा तयार आहे: फोनच्या पडद्यातून येणारा, झोप उडवतो म्हणून बदनाम झालेला निळा प्रकाश. तो उलट बोलत नाही, वकील देत नाही आणि कितीही ठपका ठेवा, मुकाट घेतो.

खटला भक्कम दिसावा म्हणून थोडं शास्त्र पाठ असू द्या. डोळ्याच्या आतल्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांना चित्रं बघण्यात फारसा रस नसतो. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. 'अजून दिवस आहे' असा निरोप त्या मेंदूतल्या घड्याळाला पोचवतात आणि रात्र झाल्याची वर्दी देणारं मेलाटोनिन लांबणीवर पडतं. या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात, हे २००२ साली दाखवून दिलं गेलं. चारचौघांत एवढं सांगितलंत की तुम्ही तज्ज्ञ झालात.

फक्त इथेच थांबा, पुढचं वाचू नका. पुढे अडचणीच्या गोष्टी आहेत. निळ्या प्रकाशाचा जगातला सगळ्यात मोठा पुरवठादार सूर्य आहे. उजेड लक्स या एककात मोजतात, आणि ढगाळ दिवशीसुद्धा घराबाहेर हजारो लक्स उजेड असतो. हातातल्या फोनचा डोळ्यांपर्यंत पोचणारा उजेड बहुधा शंभर लक्सही भरत नाही. वर दिवसा भरपूर उजेड मिळालेल्या माणसावर संध्याकाळच्या स्क्रीनचा परिणाम कमी होतो, असंही दिसून आलंय. म्हणजे उपाय दुपारी, बाहेर आणि फुकट मिळतो. एवढ्या स्वस्त उपायावर कोणी विश्वास ठेवायचा? तेव्हा दिवसभर पडदे ओढून खोलीत बसा, शरीराला रात्र-दिवसाचा पत्ता लागू देऊ नका आणि अंधार पडला की निळ्या प्रकाशाविरुद्ध मोहीम उघडा.

मोहिमेची सुरुवात चष्म्यापासून करायची. निळा प्रकाश अडवणारी काच घ्या, तिच्यावर निळसर चमक दिसतेय ना ते आरशात तपासा, एक फोटो काढून सगळ्यांना पाठवा. २०२३ साली वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या आणि थोडक्या काळात तरी डोळ्यांच्या थकव्यात साध्या काचेपेक्षा बहुधा काही फरक पडत नाही, असा निष्कर्ष काढला. झोपेबद्दल तर ठाम बोलण्याइतका पुरावाच त्यांना सापडला नाही. या काचा स्क्रीनचा निळा प्रकाश अडवतात तो साधारण १० ते २५ टक्के. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चष्माविक्रेत्या साखळीला तर अशाच काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१७ मध्ये ४० हजार पौंड दंड झाला. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटनाही हे चष्मे घ्या असं म्हणत नाही. हे सगळे लोक एक गोष्ट विसरतात. चष्म्याचा खरा फायदा डोळ्यांना नसतोच, मनाला असतो. तो घातला की आता आपण संरक्षित आहोत, या भावनेने आणखी दोन तास आरामात बसता येतं.

चष्म्याचा कंटाळा असेल तर फोनचा नाइट मोड लावा. पडदा पिवळट, उबदार होतो आणि ज्यांचं तोंड बघायची इच्छा नसते अशांचे फोटोही जरा बरे दिसतात. या सोयीने झोप सुधारते का, हे प्रयोगात पाहिलं तेव्हा म्हणावा असा फरक आढळला नाही. पण सेटिंग्जमध्ये जाऊन काहीतरी केल्याचं समाधान कोणत्या प्रयोगात मोजणार? शिवाय मोड लावायला म्हणून फोन उघडलाच आहे, तर आलेले मेसेजही पाहून घ्या.

आता एक प्रयोग मात्र जपून हाताळा, कारण तो आपल्या बाजूचा वाटतो आणि नेमका घात करतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माणसांना अंधुक खोलीत, झोपेआधी चार-चार तास, लागोपाठ पाच रात्री पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेल्या टॅब्लेटवर पुस्तक वाचायला लावलं. मग तेच लोक छापील पुस्तकासह. टॅब्लेटच्या रात्री मेलाटोनिन निम्म्याहून जास्त दबलं, सकाळी मरगळ राहिली. आरोप सिद्ध! जल्लोष करा आणि लगेच पान उलटा. त्याच पानावर हेही आहे, की टॅब्लेटवाल्यांना झोप लागायला छापील पुस्तकापेक्षा सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली.

दहा मिनिटं. आणि तुम्ही अकराला आडवे होऊन एकला डोळे मिटता. मधल्या उरलेल्या एकशे दहा मिनिटांचा हिशेब कोणी मागितला तर विषय बदला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं कोणी टोमणा मारेल. मारू द्या. संन्यासी तरी कुठे साफ निर्दोष आहे, दहा मिनिटांचा गुन्हा त्याने केलाच आहे की!

खरा चोर पकडायला निघालात, तर फार मोठमोठ्या दारांवर थाप मारावी लागेल. पूर्वी यादीचं पान संपायचं, 'पुढे' असं बटण दाबावं लागायचं आणि त्या क्षणभरात माणसाला लघवीला जावंसं वाटायचं किंवा झोप आठवायची. २००६ मध्ये अझा रस्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली आणि ती फट बुजली. पुढे त्यांनी याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. तुम्ही मात्र ती मुलाखत रात्री दीडला, आपोआप सुरू झालेल्या पुढच्या व्हिडिओत पाहा. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी तर २०१७ मध्ये आमची स्पर्धा झोपेशी आहे, असं सांगून टाकलं होतं. इतका प्रामाणिक प्रतिस्पर्धी कुणाला मिळत नाही. आणि तुम्ही लढायला काय घेऊन गेलात? पिवळी काच.

रंगाबद्दल इतकं बोलून झाल्यावर मजकुराचा विषय काढण्यात अर्थ नाही. तरी सांगतो, झोपण्यापूर्वी ऑफिसच्या ग्रुपवरचा शेवटचा मेसेज, अनोळखी माणसाशी सुरू असलेला वाद आणि एखादा गंभीर आजार 'मलाही झाला असेल का' हा शोध, यांपैकी एक तरी अवश्य करा. हे सगळं पिवळट उजेडात केलं तर छाती कमी धडधडते, असा तुमचा समज असेल तर तोही जपून ठेवा.

डोळ्यांच्या कोरडेपणाकडे वळू. मिनिटाला पंधराएक वेळा मिटणाऱ्या पापण्या स्क्रीनसमोर निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात आणि मिटतात त्याही बऱ्याचदा अर्ध्याच. पापणी पूर्ण मिटली की तिच्या कडेच्या ग्रंथींतून तेलाचा बारीक थर अश्रूंवर पसरतो आणि ओलावा टिकतो. त्यामुळे डोळे मुद्दाम, पूर्ण मिटणं हा चुरचुरीवरचा खराखुरा उपाय ठरतो, आणि म्हणूनच तो टाळायला हवा. तेवढ्यात रीलमधला शेवट निसटला तर? पंखा तोंडावर घ्या, फोन नाकाशी आणा म्हणजे जवळचं बघायला लावणाऱ्या स्नायूंनाही सवड नको, आणि चुरचुरलं की खुशाल निळ्या प्रकाशाला शिव्या घाला. वीस मिनिटांनी वीस फूट लांबचं वीस सेकंद बघा, हा नियम तुम्ही ऐकला असेलच. तो पाळायचा असेल तर समोरच्या भिंतीवरचा टीव्ही चालू ठेवा. वीस फूट नसेना का, लांब आहे हे खरं.

पुढचा सल्ला झोपण्याच्या पद्धतीचा. कुशीवर वळा, एक डोळा उशीत दाबून टाका, खोलीत काळोख करा आणि उरलेल्या डोळ्याने फोन बघा. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन स्त्रियांची हकीकत छापून आली. दोघींना एका डोळ्याने अधूनमधून दिसेनासं व्हायचं. अशा तक्रारीत डॉक्टरांना मेंदूच्या रक्तपुरवठ्यापासून सगळ्या भीतीदायक शक्यता तपासाव्या लागतात, तशा तपासण्या झाल्याही. शेवटी निघालं ते हे, की उशीतला डोळा अंधाराला सरावलेला आणि फोनवाला उजेडाला. फोन ठेवला की उजेडाला सरावलेल्या डोळ्याला काळोखात काही मिनिटं काहीच दिसेना. निरुपद्रवी प्रकार, आपोआप बरा होणारा. पण पाहा, एका साध्या कुशीने माणूस जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पोचू शकतो. आणि दोन्ही डोळ्यांनी फोन बघणारे? त्यांना कोण विचारतं!

घरात मुलं असतील तर त्यांना या लढ्यात लवकर सामील करा. लहान वयात रोज दोनेक तास बाहेरच्या उजेडात घालवले तर मायोपिया होण्याची, म्हणजे लांबचं अंधुक दिसून चष्मा लागण्याची, शक्यता घटते. त्यापेक्षा त्यांना छोट्या मापाचा निळा-रोधक चष्मा द्या आणि घरात बसवा. रात्री त्यांच्या हातातला फोन काढून घ्या, स्क्रीनच्या दुष्परिणामांवर दहा मिनिटं बोला आणि बोलता बोलता स्वतःच्या फोनकडे नजर टाकत राहा. मुलं ऐकण्यापेक्षा बघून लवकर शिकतात.

मनगटावर झोप मोजणारं घड्याळही हवंच. सकाळी डोळे उघडताच आपण कसे झोपलो ते शरीराला विचारू नका, ॲपला विचारा. गुण कमी पडले तर दिवसभर मरगळलेलं राहायला हक्काचं कारण मिळतं आणि रात्री गुण वाढवण्याचे उपाय शोधत एकपर्यंत जागताही येतं.

फोन उशाशी ठेवण्यावरून कोणी टोकलं तर 'गजर लावायला लागतो' हे उत्तर तयार ठेवा. आजवर त्याला तोड निघालेली नाही. एखादा आगाऊ माणूस म्हणेल, गजराचं साधं घड्याळ आणा आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. मान डोलवा. पण घड्याळासारखी वस्तू घाईने घ्यायची नसते. आज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आधी पन्नासेक घड्याळांचे रिव्ह्यू पाहून घ्या, त्यातलं कुठलं निळा प्रकाश सोडत नाही ते तपासा, आणि ठरलं नाही तर उद्या रात्री पुन्हा बसा.