टोरोनॅडो: पुढच्या चाकांनी ओढलेली सात लिटरची गाडी

परवा ऑफिसात जेवताना एक तरुण सहकारी सहज बोलून गेला की फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणजे स्वस्तातल्या छोट्या गाड्यांचं काम, खरी अमेरिकन गाडी मागच्या चाकांवरच चालते. तेव्हा पुढे मीटिंग होती म्हणून गप्प बसलो पण ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये, म्हणून आज सविस्तर लिहितोय. माझ्या मते डेट्रॉइटवाल्यांनी, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या कार कंपन्यांनी, रस्त्यावर आणलेली सगळ्यात धाडसी गाडी म्हणजे १९६६ ची ओल्ड्समोबिल टोरोनॅडो, आणि ती पुढच्या चाकांवर चालते.

त्याआधी अमेरिकेत अशी शेवटची गाडी होती कॉर्ड ८१२, १९३७ सालची. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं तिकडच्या एकाही मोठ्या कंपनीने या वाटेला पाऊल टाकलं नाही. युरोपात मिनी होती, सिट्रोएन होत्या, पण इंजिनं छोटी. मोठ्या इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना दिली तर स्टिअरिंग हातातून खेचलं जाईल, टायर जागच्या जागी फिरत बसतील, हीच सगळ्यांना धास्ती. आणि ओल्ड्समोबिलवाल्यांनी घेतलं काय, तर ४२५ क्यूबिक इंचांचं व्ही-८, म्हणजे जवळपास ७ लिटर, ३८५ हॉर्सपॉवर! दोन टनांच्या वरची गाडी, लांबी साडेसतरा फूट, आणि सगळा भार ओढायचा पुढच्या दोन चाकांनी.

आता खरी गंमत बॉनेटच्या खाली. इंजिन नेहमीसारखं उभं, लांबीत बसवलेलं. त्याच्या मागे टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं काम करणारा भाग), इथपर्यंत इतर गाड्यांसारखंच. पण एरवी जो गिअरबॉक्स त्याच्या मागे लांबत जातो तो या लोकांनी वेगळा काढला, तोंड उलटं फिरवलं आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला शेजारी नेऊन ठेवला. मग कन्व्हर्टरकडून गिअरबॉक्सकडे ताकद न्यायची कशी? चेनने. दोन इंच रुंद, बारीक पोलादी कड्यांची, आवाज न करणारी चेन. आपण सायकलची चेन सैल पडली की चाक मागे ओढून ताणतो, मोटरसायकलची तर दर थोड्या दिवसांनी बघावी लागते, या चेनला मात्र ताणायची सोयच ठेवलेली नाही, कारण ती बसवण्याआधी कारखान्यातच मशीनवर ताणून घेतलेली असायची. एवढ्या राक्षसी इंजिनाचा सगळा जोर या एका चेनवरून जातो, आणि ज्यांनी हे कागदावर काढलं त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हते हो, ड्रॉइंग बोर्ड होते. मी स्वतः गिअरबॉक्सच्या कामात बारा वर्षं आहे, तरी त्याचं कटिंग केलेलं चित्र बघितलं की अजून थांबून बघतो.

आणि याचा फायदा काय, तर जमीन! मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्टच नाही, त्यामुळे गाडीत मधला उंचवटा नाही, पुढून मागपर्यंत सपाट. आमच्याकडे नाशिकला फियाट होती, मागच्या सीटवर मी धाकटा म्हणून कायम मधे, पाय त्या उंचवट्याच्या दोन बाजूंना, आणि उंचवट्यावर आईची डब्यांची पिशवी तोलून धरायची. १९८३ नंतर मारुती ८०० आली तेव्हा कुठे आपल्याकडच्या घराघरांतून फ्रंट व्हील ड्राइव्ह पोचलं. टोरोनॅडोत ही मोकळीक १९६६ मधे होती, आणि दरवाजे दोनच आणि लांबलचक म्हणून मागे बसणाऱ्यांच्या हाताला येईल असं दाराचं वेगळं हँडलसुद्धा दिलं होतं.

दिसण्याबद्दल मी जास्त बोलत नाही, फोटो बघा. डेव्हिड नॉर्थ या डिझायनरच्या लाल गाडीच्या एका चित्रातून ती आली, हेडलाइट झाकलेले, फुगलेले मडगार्ड, चाकांना भोकं, म्हाताऱ्या कॉर्डला केलेला नमस्कारच तो.

ब्रेक कमी पडायचे हे मान्यच करायला पाहिजे. एवढं वजन पुढे आणि चारही चाकांना ड्रम, घाटात तापले की पकड जायची. दुसऱ्या वर्षी पुढे डिस्कचा पर्याय दिला, तो पहिल्या दिवसापासून हवा होता. पण "फ्रंट व्हील ड्राइव्हची गरजच काय होती" म्हणणारे पटत नाहीत मला. पुढच्याच वर्षी कॅडिलॅकने एल्डोराडोला हीच यंत्रणा घेतली. १९७३ ते ७८ मधली जीएमसीची मोटरहोम, अख्खं घर वाहणारी, ती पण टोरोनॅडोच्याच पुढच्या चाकांच्या यंत्रणेवर चालायची, आणि तिची जमीन एवढी खाली ठेवता आली ती खालून शाफ्ट जात नव्हता म्हणूनच. तकलादू गोष्टीवर कोणी घर ठेवत नाही.

मागच्या ऑगस्टमधे बाबा इकडे मिशिगनला आले होते, त्यांना वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळ रस्त्यावर भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, नेलं. रस्त्याकडेला एक सोनेरी ६६ ची टोरोनॅडो उभी, शेजारी घडीच्या खुर्चीत मालक, सत्तरीचे आजोबा. बाबांनी बॉनेटखाली बराच वेळ डोकं घातलं, मी चेनचं सांगितलं तसं वाकून खालून पण बघितलं, मग मागच्या सीटवर बसून चप्पल काढली आणि पायाने जमीन चाचपली, मधे, जिथे फियाटला उंचवटा असतो तिथे. बाहेर आल्यावर मला म्हणाले, त्यांना विचार, चेन कितव्यांदा बदलली. मी विचारलं.

आजोबा म्हणाले, कशाला बदलू, पहिलीच आहे.