ॲलर्जीच्या गोळीने दमा आटोक्यात येत नाही

"दमा नाही हो, थोडी ॲलर्जी आहे." आपल्याकडे ॲलर्जी म्हटलं की सगळे निवांत, आणि दमा म्हटलं की पुढे लग्न जमेल ना, इथपर्यंत काळजी. मग पोरगं वर्षानुवर्षं सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी आणि खोकल्याची बाटली यांवर काढतं. श्वासातून औषध घ्यायचा पंप (इन्हेलर) काही घरात येत नाही. या लपवाछपवीची किंमत फुप्फुसं मोजतात, म्हणून जरा कडक लिहितोय.

दोन्हींचं नातं आहे, हे खरं. ॲलर्जीत परागकण, बुरशी, गादीतल्या धुळीतले सूक्ष्म किडे अशा निरुपद्रवी गोष्टींविरुद्ध शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. ती गोष्ट पुन्हा आत गेली की पेशींतून हिस्टामिन सुटतं. नाकात सुटलं तर शिंका आणि पाणी, डोळ्यांत खाज, अंगावर गांधी. दम्यात बिघाड श्वासनलिकांचा. आतून सूज, भोवतीचे स्नायू आवळलेले, वर चिकट कफ. लहानपणी सुरू होणारा दमा बऱ्याचदा ॲलर्जीतूनच येतो, म्हणून गल्लत होते. पण सर्दीचे विषाणू, थंड हवा, धावणं, फटाक्यांचा धूर, काहींना ॲस्पिरिनची गोळी, यांनीही दमा उसळतो. त्यात ॲलर्जी असेलच असं नाही. उलट गाजर गवत फुललं की शिंकून बेजार होणाऱ्या बहुतेकांना दमा कधीच होत नाही.

सेट्रिझिन हिस्टामिनला अडवतं. दम्यात हिस्टामिनचा वाटा लहान. ल्युकोट्राइन नावाची श्वासनलिका आवळणारी रसायनं आणि मुरलेली सूज हे मुख्य दुखणं. म्हणून गोळीने नाक थांबतं, छातीतली शिट्टी नाही.

पहाटे तीन-चारला खोकल्याने जाग येणं, जिना चढताना छाती आवळणं, प्रत्येक सर्दी छातीत उतरून तीन-तीन आठवडे रेंगाळणं, असं असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून फुप्फुसांतली हवा मोजायची तपासणी, करा. पंपाचं औषध दिल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्के आणि 200 मिली वाढली, तर मोठ्या माणसात दम्याला भक्कम आधार मिळतो. मात्र बऱ्या दिवशी ही तपासणी नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावर हुरळू नका. आणि रक्तातल्या एकूण आयजीईवर पैसे घालवून 'ॲलर्जी निघाली' म्हणू नका. तो आकडा पोटातल्या जंतांनीही वाढतो.

पंपाची सवय लागते म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा. सॅल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध. त्याच औषधाची गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 40 फवाऱ्यांइतकी, आणि ती रक्तातून साऱ्या अंगात फिरून हात थरथरवते! फक्त सॅल्ब्युटामॉलवर भागवणंही चूकच. स्नायू सैल होतात, सूज तशीच राहते. 'जिना' या जागतिक दमा संस्थेने 2019 पासून मोठ्यांना आणि किशोरांना नुसतं तेच देऊ नका, सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवं, असं सांगितलं आहे.

पंप वाया जातो तो घेण्याच्या पद्धतीमुळे. हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबतानाच तीन ते पाच सेकंद सावकाश आत ओढा, दहा आकडे श्वास रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. हात आणि श्वासाचा मेळ जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, घ्या, लहानग्यांना मास्कसकट. स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

ॲलर्जी असेल तर नाकही सांभाळा. नाक सुजलेलं राहिलं की दमाही कुरकुरतो. नाकातला स्टेरॉइड स्प्रे उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, म्हणजे मधल्या पडद्यावर मारा बसत नाही. चादरी-अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा. नुसतं उन्हात टाकून किडे मरतील, पण त्रास देणारी त्यांची विष्ठा धुतल्याशिवाय जात नाही.

एक वाक्य एका श्वासात पूर्ण बोलता येईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर झाले, किंवा पंपाचा असर टिकत नाही, तर गोळ्या शोधत बसू नका. स्पेसरमधून सॅल्ब्युटामॉलचे एकेक करत चार ते सहा फवारे द्या, माणसाला बसतं ठेवा आणि रुग्णालयाकडे निघा. पोचायला वेळ लागत असेल तर वीस मिनिटांनी तेवढेच फवारे वाटेत पुन्हा द्या.