लीगलला सीसी केलं म्हणजे मेल सेफ नाही
एका लेखात म्हटलंय की कंपनीच्या लीगल हेडशी केलेला पत्रव्यवहार कोर्टात मागता येत नाही, हे आता बरोबर नाही हो. 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पगारी इन-हाऊस कौन्सेलला (कंपनीत नोकरीला असलेल्या वकिलाला) भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 132, म्हणजे वकील-अशील गोपनीयतेचं संरक्षण, लागू नाही, ते कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलांसाठी आहे, कलम 134 चं (कायदेशीर सल्लागाराशी झालेल्या गोपनीय बोलण्याचं) थोडंफार संरक्षण मिळतं पण ते तोकडंच. आणि कमर्शियल सूटमध्ये (व्यापारी दाव्यात) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 11 प्रमाणे वादाशी संबंधित सगळे कागद, अगदी आपल्या विरोधात जाणारे पण, दाव्यासोबतच द्यावे लागतात. आमचे परचेसवाले अजूनही डिलिव्हरी लेट झाल्याच्या प्रत्येक मेलवर 'प्रिव्हिलेज्ड' (म्हणजे गोपनीय, कोर्टात मागता न येणारा) लिहून लीगलला सीसी करतात, त्याने काहीच होत नाही. खरा सल्ला हवा तर बाहेरच्या वकिलाला वेगळा मेल करा. लेखकाने तेवढा परिच्छेद प्लीज दुरुस्त करावा, लोक वाचून तसंच करतात.