ऑडिओ फक्त दोनदा वाजेल

लेखी परीक्षेचं एक बरं असतं, चूक कागदावर दिसते आणि ती मुलाचीच असते. ऐकण्याच्या परीक्षेत मात्र चूक मुलाची, स्पीकरची, डोक्यावरच्या पंख्याची, रेकॉर्डिंगमधल्या बाईंची की पेपर काढणाऱ्याची हे ठरवता ठरवता पेपर काढणारा म्हातारा होतो. तो पेपर काढणारा मी. शाळेत फारसी शिकवतो, आणि यंदा वरून आलं की नुसतं वाचन-लेखन पुरे झालं, दहा मार्क श्रवणाचे ठेवा. दहाच तर मार्क आहेत असं म्हणून मी हो म्हणून बसलो.

पहिला विचार असा की उतारा आपणच वर्गात वाचावा, खर्च नाही काही नाही. पण मी वाचतो तेव्हा बरोबर उत्तराचा शब्द आला की माझ्या भुवया वर जातात म्हणे, हे मला एका मुलीने सांगितलं, तेही पास होऊन दोन वर्षं झाल्यावर. म्हणजे इतकी वर्षं मी श्रवण नाही, भुवयावाचन शिकवत होतो. म्हणून मग रेकॉर्डिंग. रात्री सगळे झोपल्यावर कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून, कारण कपड्यांमुळे आवाज घुमत नाही असं कुठेतरी ऐकलं होतं. संवादात पात्रं चार, आजी, नात, दुकानदार आणि गिऱ्हाईक, आणि चारही पात्रं मीच. दुसऱ्या दिवशी ट्रायल म्हणून वर्गात लावलं. आजीने 'सलाम' म्हटलं आणि वर्ग बाकांखाली गेला. नातीपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

शेवटी ओळखीतल्या एका इराणी बाईंना गळ घातली. त्यांना मी खानम म्हणतो, इथेही तेच म्हणेन. त्यांना स्क्रिप्ट पाठवली, अगदी पुस्तकातल्या फारसीत, "मी-ख्वाहम बे खाने बेरवम", मला घरी जायचंय. रेकॉर्डिंग आलं त्यात होतं "मीखाम बेरम खूने". मी कळवलं की खानम, चार शब्दांचे तीनच आलेत. त्या म्हणाल्या, असंच बोलतात, तू लिहिलंयस तसं फक्त बातम्या देणारे बोलतात. आणि खरंच आहे ते. लिहिताना 'नान', बोलताना 'नून', लिहिताना 'खाने', बोलताना 'खूने', लिहिताना 'अस्त', म्हणजे 'आहे', आणि बोलताना नुसता एक 'ए' शब्दाच्या शेपटीला चिकटवून मोकळे. माझी मुलं तीन वर्षं 'अस्त अस्त' घोकतायत आणि खऱ्या संवादात अस्त दिसतच नाही, मावळल्यासारखा गायब. मी म्हटलं निदान जरा सावकाश बोला. तर पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या दोन शब्दांच्या मध्ये इतक्या थांबल्या की मला वाटलं नेट गेलं.

मधलं काहीतरी जमलं एकदाचं. मग प्रश्न काढले. प्रश्न काढणं हे सोपं काम आहे असं वाटत असेल तर माझ्यासारखं करून बघा, प्रश्नपत्रिका अशा माणसाला द्या ज्याला ती भाषा येत नाही आणि ज्याने ऑडिओ ऐकलेला नाही. आमच्या गणिताच्या सरांना दिली. त्यांना फारसीत 'दोस्त' सोडून काही येत नाही, पर्याय तेवढे मी मराठीत दिले होते. सरांना दहापैकी सात. सूत्र विचारलं तर म्हणाले, सगळ्यात लांब पर्याय तुम्ही खरा लिहिता, बाकीचे टाइमपास म्हणून लिहिता, आणि 'वरीलपैकी नाही' कधीच बरोबर नसतं. तिन्ही आरोप मान्य. तो पेपर फाडला आणि पट्टी घेऊन बसल्यासारखे सगळे पर्याय एका लांबीचे केले.

परीक्षेच्या दिवशी सूचना वाचून दाखवल्या. प्रश्न आधी वाचायला दोन मिनिटं मिळतील, ऑडिओ फक्त दोनदा वाजेल, तिसऱ्यांदा वाजणार नाही, रडलात तरी नाही, कानात तेल घालून ऐका. फोन हातात घेऊन प्ले दाबलं. शांतता. स्पीकर तर कनेक्टेड दाखवतोय. आणि मग भिंतीपलीकडून, शेजारच्या वर्गातून, खणखणीत आवाजात "सलाम बच्चेहा!" तिथे ठेवलेला स्पीकर आमच्या स्पीकरचा जुळा भाऊ, फोन त्यालाच जाऊन चिकटलेला, आणि तिथे भूगोलाचा पेपर चालू. मी धावत जाईपर्यंत खानमनी भूगोलवाल्यांना पहिला प्रश्न वाचून दाखवला होता. तेवढ्यात आमच्या वर्गातला एकजण म्हणतो, सर हे एकदा धरणार का?

पुढची वीस मिनिटं बरी गेली, निदान मला तसं वाटलं. खरी परीक्षा पेपर घरी आणल्यावर सुरू झाली.

प्रश्न पहिला, पुस्तकाची किंमत किती. ऐकून फारसीत लिहा. उत्तर होतं 'सद तोमन'. आता 'स' या एका आवाजासाठी फारसीत तीन अक्षरं, 'ज़'साठी तर चार, आणि कानाला त्यांच्यात काडीचा फरक नाही. शंभर म्हणजे जो 'सद' तो 'साद' या अक्षराने लिहितात, 'सीन'ने लिहिला तर त्याचा अर्थ धरण. अकरा मुलांनी पुस्तकाची किंमत एक धरण लिहिली. ऐकलं बरोबर होतं, मी मात्र श्रवणाच्या नावाखाली शुद्धलेखन तपासत होतो, त्यामुळे धरणांना पूर्ण मार्क दिले. पण तिथेच एक हुशार मुलगी निघाली, तिने लिहिलं एक हजार रियाल. तेही बरोबर, कारण तिथलं सरकारी चलन रियाल, लोक बोलतात तोमनमध्ये, आणि एका तोमनचे दहा रियाल. तिच्याशेजारच्याने लिहिलं एक लाख तोमन. हाही बरोबर! बोलताना लोक पुढचे 'हजार' गिळतात, दुकानदार शंभर म्हणतो तेव्हा शंभर हजार समजायचे, हे मीच कधीतरी गप्पा मारताना वर्गात सांगितलं होतं. एका प्रश्नाला तीन खरी उत्तरं आणि एक धरण. गणिताच्या सरांना दाखवलं तर त्यांना जो आनंद झाला तो मला बघवला नाही.

तिसरा प्रश्न माझ्या खास आवडीचा होता, चित्रांचा. ऐकू येतं "शीर खराब शोदे", योग्य चित्रावर खूण करा. चित्रं तीन, दुधाचं भांडं, पाण्याचा नळ आणि सिंह. मला अपेक्षित दूध, नासलेलं. नळ आणि सिंह मुलांना चकवायला टाकलेले, कारण फारसीत दुधाला शीर, नळालाही शीर आणि सिंहालाही शीर. (अफगाणिस्तानात सिंहाला 'शेर' म्हणतात, दुधाला 'शीर', तिथल्या मास्तरांचं बरंय.) आता हे चकवे टाकताना मी स्वतःवर जाम खूश होतो, पण 'खराब शोदे' हे नासलेल्या दुधाला जितकं लागू तितकंच बिघडलेल्या नळालाही लागू, हे डोक्यात आलं तेव्हा चोवीसपैकी नऊ पेपर तपासून झाले होते. नऊ पेपर परत काढले. नळवाल्यांना मार्क दिले. एकाने सिंहावर खूण केली होती, त्याला बोलावून विचारलं बाबा हे कसं, तर म्हणाला सर चित्रात तो झोपलेला होता, बरं नसल्यासारखा वाटला. चित्र मीच काढलेलं. चार पाय काढायला जमले नाहीत म्हणून झोपवला होता.

आपल्या मराठीचे आणि फारसीचे इतके शब्द सारखे की मुलांना फारसी सोपी जाते असं मी पालकांना नेहमी सांगतो, आता बंद करणार आहे. "बाबा तेलेविज़ियोन तमाशा मीकोने", बाबा काय करतायत? तमाशा करणं म्हणजे तिथे नुसतं बघणं. उत्तरं आली, बाबा टीव्हीवर तमाशा बघतायत, आणि एक म्हणजे बाबांनी टीव्हीवरून तमाशा केला, आमच्याकडे पण करतात. 'उमीदवारम' म्हणजे मला आशा आहे, सहा जण निवडणुकीला उभे. 'हफ्तेये आयंदे' म्हणजे पुढचा आठवडा, तर पाहुणे कधी येणार याचं उत्तर "पुढच्या हप्त्याला". हे चूक द्यावं की बरोबर यावर मी चहाचा एक कप घालवला, कारण आमची आजी आठवड्याला हप्ताच म्हणायची, पण याने पुढे लिहिलं होतं 'पैसे मागायला'.

आणि नुच. नुचबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही. संवादात आई मुलाला विचारते, "मश्गेतो नेवेश्ती?" गृहपाठ लिहिलास का, आणि मुलगा, म्हणजे खानमच पण बारीक आवाजात, जीभ टाळूला लावून नुसतं "नुच" करतो. इराणात याचा अर्थ नाही, शब्दबिब्द काही नाही, एवढंच. किती अस्सल, म्हणून मी मुद्दाम ठेवलेलं. निम्म्या वर्गाला वाटलं स्पीकर खरखरला. चौघांनी लिहिलं 'उत्तर दिले नाही'. आणि बाकीच्यांनी आपल्याकडचा 'च्च' ऐकला, त्यामुळे लिहिलं 'मुलाला वाईट वाटले'. गृहपाठ न केलेल्या मुलाला वाईट वाटलं असं समजणारी ही मुलं मनाने फार चांगली आहेत, पण मार्क कसे देऊ?

त्यापुढे प्रेमाची बोली. मुलगी चहा आणून देते, आई म्हणते "दस्तेत दर्द नकोने", म्हणजे तुझा हात न दुखो, म्हणजे थँक्यू. प्रश्न होता आई मुलीला काय म्हणते. "हात दुखतोय का विचारते." "हात दुखत असेल तर चहा कशाला केलास म्हणते." हे तरी ठीक. आजीचा फोन येतो त्यात ती नातवाला म्हणते "जिगरेतो बोखोरम", शब्दशः तुझं काळीज खाऊ दे, हे तिकडे लाडाचं बोलणं. आपण काळजाचा तुकडा म्हणतो, ते खाऊनच टाकतात. प्रश्न, आजीच्या मनात नातवाबद्दल काय आहे? एका मुलीचं उत्तर जसंच्या तसं देतो, "आजी त्याला खाणार आहे, पण त्याला अजून माहीत नाही." मी त्या पेपरवर लाल पेन टेकवला आणि उचलला, टेकवला आणि उचलला. एकही शब्द चुकीचा ऐकलेला नाही पोरीने. पूर्ण मार्क दिले, वर अर्धा जास्तच पडला असेल.

रिझल्ट लागला आणि दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ आलं. मुद्दा टॅक्सीचा. प्रश्न सातवा, टॅक्सीतून उतरताना प्रवासी विचारतो किती झाले, ड्रायव्हर म्हणतो "काबेल नदारे", म्हणजे तुमच्यापुढे काय त्याची किंमत. प्रवासी परत विचारतो, ड्रायव्हर म्हणतो "मेहमूने मा बाशीद", आमचे पाहुणे व्हा. इथे मी ऑडिओ कापला होता कारण मोठा होत होता. प्रवाशाने पैसे द्यायचे का? तेवीस मुलांनी लिहिलं नाही, फुकट. (चोविसावा झोपला होता बहुतेक, त्याने सिंहवाला ड्रायव्हर असं काहीतरी लिहिलंय.) मी सगळ्यांना शून्य दिलं होतं, कारण हा तआरोफ. नको नको म्हणायची रीत असते, आपण आग्रह करत राहायचा, साधारण तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं काय ते सांगतो, आणि टॅक्सीवाल्याला पैसे हवे असतातच. काबेल नदारे ऐकून थँक्यू म्हणून चालायला लागलात तर तो मागून हाक मारणार.

शिष्टमंडळाची म्होरकी म्हणाली, "सर, तो दोनदा नको म्हणाला."

"हो, पण तिसऱ्यांदा विचारायचं असतं ना."

"मग ऑडिओ तिसऱ्यांदा वाजवायला हवा होता."

आता याच्यावर काय बोलणार, मी नुच केलं आणि सगळ्यांचा एक एक मार्क वाढवला.

त्याच संध्याकाळी खानमना फोन केला, म्हटलं परीक्षा झाली, तुमचा वेळ गेला, मानधन किती देऊ सांगा. खानम म्हणाल्या, "काबेल नदारे." मी म्हटलं असं कसं, एवढं काम केलंत. तर म्हणाल्या, अरे तू आपला माणूस, पैशाचं काय घेऊन बसलास. मी मनापासून आभार मानले, हात न दुखो म्हटलं, आणि फोन ठेवला, आणि ठेवल्यावर दहा सेकंदांनी घामच फुटला. दोनदाच विचारलं होतं.

परत फोन लावला. तिसऱ्यांदा विचारलं. जरासुद्धा न थांबता आकडा आला, तोमनमध्ये. पुढे हजार धरायचे का, हे विचारायचं धैर्य अजून होत नाहीये.