बेल्टला कशाला नावं ठेवता

कराटेतले रंगीत बेल्ट म्हणजे नुसता दिखावा, बंदच करा असं एका लेखात म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा. मुळात ही पद्धत ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंची, कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशींनी १९२४ मध्ये ती कराटेत आणली. आणि शोदान, म्हणजे ब्लॅक बेल्टची पहिली श्रेणी, ही पहिली पायरी फक्त, लोकांना वाटतं ब्लॅक बेल्ट मिळाला की झालं सगळं शिकून. माझ्या ग्रीन बेल्टच्या परीक्षेत काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) तोंडपाठ होता पण मागच्या पायाची टाच दरवेळी उचलली जायची, सरांनी तेवढ्यावरून नापास केलं, जाम राग आलेला पण मग तीन महिने नुसती झेनकुत्सू दाचीच (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताठ आणि टाच जमिनीला टेकवून उभं राहणं) घासली, परीक्षा नसती तर कोण घासतंय! हां, दर दोन महिन्यांनी फी घेऊन रंग वाटत सुटलेत त्यांना झोडा की खुशाल.