हात बधिर होईपर्यंत स्लिंग आवळायला कोणी सांगितलं?

परवा रात्री भाचीने फोटो पाठवला. डाव्या दंडावर पट्ट्याचा लाल वळ, आणि खाली ओळ: "मामा, करंगळीला अजून मुंग्या येताहेत. म्हणजे पट्टा बरोबर बसला ना?"

नाही बाय, बरोबर नाही बसला. पण चूक तिची नाही. म्हापशात तिच्या रेंजवरच्या मुलांच्या ग्रुपवर रायफल स्लिंगबद्दल, म्हणजे रायफलला जोडलेल्या पट्ट्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. फोंडा आणि डिचोलीहून तोच मेसेज मलाही आला. लिहिणाऱ्याचं नाव नाही. म्हणणं थोडक्यात असं: स्लिंग खरं तर खांद्याला अडकवायची, नेमाला वापरणं ही पळवाट, वापरायचीच तर बोटं बधिर होईपर्यंत आवळा, बधिरपणा हीच खूण, उभ्याने मारतानाही बांधा, ऑलिंपिकवाले तेच करतात, आणि स्लिंग ओढली की बॅरल, म्हणजे रायफलची नळी, वाकते.

आधी बधिरपणाचं बोलतो, कारण पोरांना इजा यातूनच होणार आहे.

स्लिंग काय करते ते नीट समजून घ्या. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारताना, डावं कोपर जमिनीवर असतं. रायफलचं वजन तळहातावर येतं आणि हात कोपरात उघडून खाली जाऊ पाहतो. दंडापासून हँडस्टॉपपर्यंत (रायफलच्या पुढच्या भागाखाली डावा हात टेकतो तो अडसर) ताणलेला पट्टा त्याला उघडू देत नाही. दंड, कोपरापुढचा हात आणि पट्टा असा त्रिकोण होतो, आणि वजन हाडं आणि पट्टा पेलतात. स्नायूंनी काही करायचंच नसतं, कारण स्नायू थकतो आणि थरथरतो. डाव्या हाताची बोटं सैल, मूठ नाही. उजवा हात ग्रिपवरून (ट्रिगरजवळच्या मुठीवरून) काढून बघा: रायफल जागच्या जागी राहिली तर पट्टा पुरेसा घट्ट आहे. त्यापुढे आवळून काहीही मिळत नाही.

उलट जातं बरंच. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते आणि तिच्या शेजारून मज्जातंतू. पट्टा तिथे रुतला की नाडीचा ठोका पट्ट्यातून थेट रायफलमध्ये उतरतो. फोरसाईटची, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या साईटची, रिंग दर ठोक्याला हलताना डोळ्यांना दिसते. हिशेब करा. पुढच्या आणि डोळ्याजवळच्या मागच्या साईटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरलं आणि पुढची साईट ०.१ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी ६ मिलिमीटर बाजूला जाते. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर व्यासाचं. म्हणून पट्टा आतल्या बाजूला रुतू न देता दंडाच्या बाहेरच्या अंगाला सरकवतात आणि नेमबाजीच्या जॅकेटवरच्या हुकाला अडकवतात, म्हणजे तो घसरत नाही. मुंग्या आल्या की पट्टा सोडायचा, हात झटकायचा, एक भोक सैल करून पुन्हा बसायचं. मुंग्या येणं म्हणजे शरीर थांब म्हणतंय, आणि हा मेसेज चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना सांगतो की तेच यश! राग येतो मला याचा.

भाचीने तर घरी टाइल्सवर, मॅटशिवाय, जॅकेट न घालता तासभर सराव केला होता. करंगळीकडे जाणारा मज्जातंतू कोपराच्या आतल्या अंगाला अगदी कातडीखाली असतो. वरून पट्टा आणि खालून टाइल, दोन्हीकडून तो दाबला गेला.

पळवाटीचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची नियमपुस्तिका उघडा. पट्ट्याची रुंदी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर. तो डाव्या दंडाच्या वरच्या भागावरूनच जायचा आणि रायफलच्या पुढच्या भागाला एकाच ठिकाणी जोडायचा. प्रोनमध्ये कोपरापुढचा हात जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी कोनात नको. इतकं मोजूनमापून जे लिहिलंय ती पळवाट कशी होईल? अमेरिकी सैन्याचा १९०७ सालचा चामडी पट्टा बघा. त्याला भोकांच्या जोड्या आणि पितळी आकडे आहेत, ते खांद्याला अडकवण्यासाठीही आणि दंडाला फास घालून नेम धरण्यासाठीही.

त्याच पुस्तिकेत उभ्याने मारण्याचाही निकाल आहे: स्टँडिंगला, म्हणजे उभ्याने मारताना, स्लिंग चालत नाही. १० मीटर एअर रायफल उभ्यानेच असते, तिथे तिचा प्रश्नच येत नाही. मेसेजमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं नाव घातलंय. त्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं. त्या फायनलचा क्रम होता नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन आणि शेवटी स्टँडिंग. म्हणजे पदकाचा फैसला ज्या शॉट्सवर झाला त्या वेळी त्याच्या दंडाला पट्टा नव्हता. पोरांना खोटं सांगायला त्याचं नाव वापरू नका.

राहिलं बॅरलचं. यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. पट्टा बॅरललाच बांधला, किंवा लाकडी स्टॉक (ज्यात बॅरल बसवलेली असते तो सांगाडा) बॅरलला टेकलेला असला, तर ताण कमीजास्त झाल्यावर गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा झुबका, खरंच सरकतो. पण याचा अर्थ स्लिंग टाकून द्या असा होत नाही. ताण दर वेळी तोच ठेवायचा, म्हणजे भोकाचा नंबर वहीत लिहायचा. चामड्याचा पट्टा आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून ताणतो, तेव्हा जुलैमधलं सातवं भोक जानेवारीत सातवंच राहील असं समजू नका. कॅनव्हास किंवा नायलॉन बरा.

काल भाचीबरोबर रेंजवर गेलो. पट्टा दोन भोकं सैल केला, दंडाच्या बाहेरच्या बाजूला सरकवला, कोपराखाली मॅट घातली. मग ती ज्या .२२ बोअरच्या रायफलने मारते तिचा स्टॉक आणि बॅरल यांच्यामध्ये कागदाची पट्टी घातली, आणि ती पुढून आत चेंबरपर्यंत, म्हणजे गोळी बसते तिथपर्यंत, कुठेही न अडता सरकली. म्हणजे स्टॉक बॅरलला कुठेच टेकत नाही. तिच्या बॅरलला स्लिंगची काही भीती नाही. उजवा हात काढून पाहिला, रायफल हलली नाही. करंगळीही हलवून दाखवली तिने.